गिरकर बाईंचं चुकलेलं वाक्य

गिरकर बाईंकडे पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "साखर?"

मी म्हटलं, "थोडी."

त्या चमचा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "थोडी म्हणजे किती गो?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "अर्धो चमचो, एक, का दीड? आणि सपाट काय शीग लावन?"

आमच्या कुडाळकडच्या घरी पाहुण्याला इतकं विचारलं असतं तर पाहुणा चहा न घेताच उठला असता. "एक. सपाट," मी शरण जाऊन सांगितलं. मग साखर पडली. चहा चांगला होता, पण मला तो परीक्षा देऊन मिळवल्यासारखा वाटला.

बाई आमच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी होती आणि भांडण कायमचं होतं. माझा सगळा धंदाच अपार, अथांग, असंख्य यांच्यावर चाललेला. बाई माझ्यासमोरचा निबंधाचा गठ्ठा ओढून घ्यायच्या आणि चष्मा कपाळावर चढवून मोठ्याने वाचायच्या. "'समोर अथांग सागर पसरला होता.' अथांग? खंयच्याय होडयेवरच्या तांडेलाक इचार, तो दोरी सोडून किती वाव तां मोजून सांगतलो. काय गो मराठी, पोरांका खोटां लिवक शिकवतंस?" मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. 'मराठी' एवढंच.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. कोणी विचारलं तर विद्यार्थी सांगतील की बाई कडक होत्या, आणि ते खरंच आहे. पण मला त्यांच्या शेवटच्या पाच महिन्यांबद्दल सांगायचं आहे. त्या पाच महिन्यांत बाईंना एकच गोष्ट हवी होती: मानसी तारी नावाच्या मुलीने बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरला बसायला हवं होतं. मानसी बसणार नाही म्हणत होती, आणि तिच्या न बसण्याला बाईंचं स्वतःचं एक वाक्य कारण झालं होतं.

आधी बाईंचं शिकवणं सांगते, नाहीतर ते वाक्य त्यांना इतकं का लागलं ते कळणार नाही.

आमच्याकडे विज्ञानाचं पुस्तक इंग्रजी, बाई मराठी आणि पोरं मालवणी. द्रावणांचा धडा आला की बाई पुस्तक मिटून ठेवायच्या. प्रत्येक बाकावर एक पेला, त्यात मोजून शंभर मिलिलिटर पाणी, आणि शेजारी कागदावर तोललेलं मीठ. चिमूट-चिमूट टाकायचं, ढवळायचं, विरघळलं की पुढची चिमूट. घाई करायची नाही. अर्ध्या तासाने कुठल्यातरी बाकावरून आवाज यायचा, "बाई, जायना." मीठ तळाशी बसून राहिलेलं असायचं. कागदावर उरलेलं मीठ पुन्हा तोलायचं, म्हणजे किती गेलं ते कळतं. छत्तीस ग्रॅमच्या आसपास आकडा आला की बाई खूश. "ह्यां संपृक्त. ह्याच्यापुढे पाणी नाय म्हणता."

मग कोणीतरी शहाणा विचारायचा, "बाई, तापवलां तर?" बाई याच प्रश्नाची वाट बघत असायच्या. पेला तापवायचा, मीठ टाकायचं. फारसा फरक पडत नाही. तेच साखरेचं केलं की साखर जातच राहते, मुलं थकतात पण पेला थकत नाही. "दोनय पांढरी, दोनय विरघळतत, म्हणान सारखी समजा नको," असं सांगून त्या फळा पुसायच्या. एका वर्षी मी आईने दिलेली कोकमच्या आगळाची बाटली कॉलेजात घेऊन आले होते. तिच्या तळाशी मिठाचे खडे बघून बाईंनी ती माझ्या हातातून उचलली आणि थेट वर्गात नेली. "हिच्या आवशीक रसायनशास्त्र येता," त्यांनी मुलांना सांगितलं. "आगळ वर्षभर टिकता कित्याक? मीठ किती घालूचा तां तिका कळता म्हणान." बाटली दोन दिवसांनी परत आली. अर्धी. उरलेली मुलांनी पाणी घालून प्यायली होती, विरल आणि संहत असे दोन्ही प्रकार करून.

तर अशा बाई. 'किती' हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून शंभरदा यायचा. आणि त्यांनीच अकरावीच्या वर्गाला, दरवर्षी, मुलांना जरा मोकळं वाटावं म्हणून, धडा संपताना एक वाक्य सांगितलेलं असायचं: "आपल्या माडावरचं शहाळं म्हणजे निसर्गाचं सलाइन." मुलांना ते फार आवडायचं. मलाही आवडायचं. मी तर ते एका निबंधात चांगला शेरा देऊन सोडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार कुडाळला डायलिसिस सुरू झालं. दुसरं कोणी असतं तर घरी बसलं असतं. बाईंनी वेळापत्रक बदलून घेतलं. त्या तीन दिवशी पहाटेची पहिली एसटी धरायची, चार तास मशीनला लागायचं, आणि परतीच्या गाडीने येऊन दुपारचे तास घ्यायचे. डाव्या हातावर जिथे सुया टोचत तिथे कापसाची पट्टी तशीच असायची आणि त्या उजव्या हाताने फळ्यावर लिहीत असायच्या. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. कार्यालयात गेल्या की बाईंची मराठी एकदम सरकारी व्हायची. प्राचार्य म्हणाले, "बाई, दीर्घ रजेचा अर्ज करा. संस्था समजून घेईल." बाई म्हणाल्या, "सर, शरीराला रजा हवी असेल तेव्हा ते माझ्याकडे अर्ज करणार नाही. तोवर मीही करणार नाही." प्राचार्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवसाला पाणी साडेसातशे मिलिलिटर. त्यातच चहा, त्यातच आमटीचं पाणी, त्यातच गोळी गिळायचा घोट. आयुष्यात नखाला न लावलेलं नेलपॉलिश बाईंनी माझ्याकडून मागून घेतलं आणि प्लॅस्टिकच्या बाटलीवर तासागणिक रेघा मारल्या. शिकवताना ओठ सुकले की रेघ बघायच्या. पुढच्या रेघेची वेळ झाली नसेल तर बाटली खाली ठेवायच्या. एप्रिलच्या दुपारी हे बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "अहो, एक घोट घ्या, काय होतं?"

"तुझां 'काय होता' मशीनक कळणा नाय," त्या म्हणाल्या. "तां फक्त वजन बघता."

कुडाळच्या त्या वॉर्डात सहा खाटा होत्या. बाईंच्या शेजारच्या खाटेवर बाबी तारी असायचे. हे तोंडवलीचे, मोठ्या होडीवरचे तांडेल, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढण्यापासून खोल समुद्रापर्यंत सगळं केलेला माणूस. त्यांचीच मुलगी मानसी आमच्या बारावीच्या वर्गात होती, आणि हुशार होती. बाबी तारी मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "जलम सगळो पाण्यात गेलो, आणि आता घोटभर पाण्याक महाग झालंय बगा." आणि खदखदून हसले. बाईंचं आणि त्यांचं छान जमायचं. एक आपली तहान मोजायच्या, दुसरा आपली तहान शिव्या घालून घालवायचा.

ऑक्टोबरात ऊन चढलं. एका सोमवारी संध्याकाळी बाबी तारींना तहान सोसेना. घरामागे स्वतःचे माड. आजारी माणसाला बघायला येणारा आमच्याकडे रिकाम्या हाताने येत नाही. शहाळी घेऊन येतो. त्या दिवशीही मेव्हण्याने चार शहाळी आणून ओट्यावर ठेवली होती. मानसी बापाची तगमग बघत होती. डॉक्टरांनी पाणी कमी प्या म्हटलं होतं, ते तिला माहीत होतं. पण हे काही नुसतं पाणी नव्हे. हे तर औषध. बाईंनीच सांगितलं होतं, निसर्गाचं सलाइन. तिने स्वतः कोयत्याने दोन शहाळी सोलली आणि बापाला प्यायला दिली. बापाने डोळे मिटून प्यायली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, असं तिने मला नंतर सांगितलं.

मंगळवारी सकाळी बाबी तारींना एसटीतून उतरवेना. पाय लुळे पडले होते. मी त्या दिवशी बाईंच्या सोबतीला गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी बघितलं. सिस्टरने छातीला तारा लावल्या, कागद बाहेर आला, आणि तिचा चेहरा बदलला. डॉक्टर धावत आले. एक इंजेक्शन, मग दुसरं. लगेच मशीन सुरू केलं. बाई शेजारच्या खाटेवर सुया टोचून पडलेल्या, त्यांना उठता येत नव्हतं. त्या फक्त मान वळवून बघत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं? काय प्यायले?" मानसी भिंतीला टेकून उभी होती. "शहाळ्याचं पाणी," ती म्हणाली. "दोन."

डॉक्टर ओरडले. "पोटॅशियम! मारणार होतात तुम्ही त्यांना!"

मानसीने डॉक्टरांकडे बघितलंच नाही. तिने बाईंकडे बघितलं. "बाई, तुमीच सांगलास मां?"

चोवीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंनी मान दुसरीकडे वळवली, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाबी तारी वाचले. दुपारपर्यंत हृदय ठिकाणावर आलं, संध्याकाळी त्यांनी सिस्टरला एक शिवीही घातली, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. पण मानसी दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात आली नाही.

बुधवारी बाई बारावीच्या वर्गात गेल्या आणि फळ्यावर ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी शेजारच्या वर्गात होते, मधला दरवाजा उघडाच असतो. बाईंनी विचारलं, "हे कुणाकुणाला सांगितलंय मी?" सगळे हात वर. "चुकीचं आहे. खोडा."

एक मुलगा म्हणाला, "बाई, पुस्तकात आसा काय ह्यां?"

"पुस्तकात नाय. माझ्या तोंडात होतां."

मग त्यांनी दोन रकाने आखले. सलाइनमध्ये शंभर मिलिलिटरला नऊ दशांश ग्रॅम साधं मीठ, म्हणजे सोडियमचा क्षार. शहाळ्यात सोडियम कमी, पोटॅशियम भरपूर. निरोगी माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते, त्याला काही होत नाही. ज्याची किडनी चालत नाही त्याच्या रक्तात ते साठतं आणि हृदय थांबवू शकतं. "पाण्यात क्षार आहेत एवढंच मी सांगत आले," बाई म्हणाल्या. "कुठला आणि किती, ते सांगितलं नाही. रसायनशास्त्राच्या बाईला ही दोनच कामं असतात, आणि मी दोन्ही केली नाहीत."

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. चोवीस वर्षांत शिकवलेल्या सगळ्या मुलांना मोबाइलवर निरोप पाठवायचा ठरवला. मजकूर मला दाखवला, "मराठी बरां कर" म्हणून. मी माझ्या सवयीने 'अत्यंत घातक', 'विषासमान' असं काय काय घातलं. बाईंनी ते सगळं काढून टाकलं. "सगळ्यांका घाबरवू नको. ज्यांची किडनी बरी आसा तेणी खुशाल पियात. ज्यांका किडनीचो आजार आसा तेणी डॉक्टराक इचारल्याशिवाय पिवचा नाय. इतक्याच." निरोप पाठवला, आणि तो किती जणांनी वाचला ते रोज बघत बसायच्या.

पण खरं काम तोंडवलीला होतं. पहिल्या रविवारी मी बाईंना स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. बाबी तारी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. "बाई, चेडू भायर येवचा नाय," ते म्हणाले. "पुस्तकां बांदून माळ्यार टाकल्यान. परीक्षेक बसणय नाय म्हणता. मी म्हटलंय, अगो, मी जित्तो आसंय मां? आयकनाच नाय."

"बरां," बाई म्हणाल्या, आणि दुसरी खुर्ची ओढून बसल्या. पिशवीतून तपासायचे पेपर काढले. तासभर पेपर तपासले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. उठताना बाई दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "फुडल्या आयतवारी येतंय." मला परतीच्या वाटेवर राग आला होता. इतक्या दुखण्यातून ही बाई येते आणि ती मुलगी साधं तोंड दाखवत नाही! बाईंना म्हटलं तसं, तर त्या म्हणाल्या, "तू गाडी चालव."

दुसऱ्या रविवारी मानसी बाहेर आली. उभीच राहिली. "बाई, माका रसायन नको. शिकान मी काय केलंय तां बगलास मां?"

"तू केलंस नाय. मी सांगलंय तां केलंस."

"मगे तुमी तरी कित्याक शिकवतास अजून?"

मी दचकले. बाबी तारी मुलीवर खेकसणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "अर्धां सांगलंय म्हणान. उरलेला अर्धां सांगूचा आसा. तां सांगल्याबिगर मी थांबूचंय नाय." मानसी आत निघून गेली. बाईंनी पेपर काढले आणि तपासायला बसल्या. त्या दिवशी परत येताना माझ्या पाठीला त्यांचं डोकं टेकलं होतं. झोप लागली होती.

तिसऱ्या रविवारी बाईंच्या पिशवीत पेपरांऐवजी अर्धा किलो बटाटे होते. डायलिसिसच्या माणसाला बटाटा वर्ज्यच, कारण त्यातही पोटॅशियम. बाबी तारी बटाट्याच्या भाजीवर जीव टाकणारे. बाईंनी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं: सोलून, पातळ कापून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकायचं, तसंच पुन्हा एकदा, आणि मग थोड्या फोडी चालतील. "मानसी," त्या दारातून म्हणाल्या, "माका जड टोप उचलूक होणा नाय. ह्या हातान वजन घेवचा नाय असां डॉक्टरान सांगल्यान. काप बटाटे."

आजारी माणसाने काम सांगितलं तर नाही म्हणता येत नाही. मानसीने विळी घेतली. पातळ काप केले, टोपात पाणी घेतलं, चुलीवर ठेवलं. पाणी उकळून गढूळ झालं तसं बाईंनी ते ओतायला लावलं, आणि नवीन पाणी घ्यायला सांगितलं.

मानसी टोप हातात घेऊन थांबली. मला तो क्षण नीट आठवतो, कारण तोवर ती फक्त सांगितलेलं करत होती. "बाई," ती म्हणाली, "पयल्याच खेपेक दुप्पट पाणी घेतलां आसतां तर? दोनदा कित्याक?"

"तूच सांग," बाई म्हणाल्या.

मानसीने विचार केला. "थोड्या वेळान पाण्यातय तितक्याच होतला. मगे बटाट्यातला भायर कशाक येतला? नव्या पाण्यात काय्येक नसता, म्हणान परत येता." ती टोपाकडे बघत होती. मग एकदम वर बघितलं. "बाई, म्हणान तां मशीन सारख्या नव्या पाणी घेता? बाबांच्या रगतातला पोटॅशियम भायर येवचा म्हणान?"

"चार तासांत शंभर-सव्वाशे लिटर," बाई म्हणाल्या. "एका बाजून रगत, मधी बारीक भोकांचो पडदो, दुसऱ्या बाजून सारख्या नव्या द्रावण. थांबणा नाय."

"आणि रगतातला सगळांच भायर इला तर? सोडियमय जातला मां?"

"म्हणान तेच्यात सोडियम पयलोच घालून ठेवतत. रगतात आसा तितकोच. जेवढो व्हयो तेवढोच जाता."

बाबी तारींना यातलं फारसं कळलं नसावं. पण दोन वर्षं ज्या मशीनला ते 'तो सैतान' म्हणत होते त्याचं पोट आपल्या मुलीने उघडून बघितलं हे त्यांना समजलं. "म्हणजे तां तुका समाजलां, चेडवा?" ते विचारत होते. मानसी त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने टोपात नवीन पाणी ओतलं. त्या संध्याकाळी तिने माळ्यावरचं गाठोडं उतरवलं, हे मला बाबी तारींनी मंगळवारी सांगितलं.

ती कॉलेजात परत आली म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नव्हे. मानसीला आता स्वतःच्या कुठल्याच उत्तराचा भरवसा वाटत नसे. साधं गणित सोडवलं तरी खाली 'बरोबर आहे का?' असं लिहायची. बापाबरोबर ती आठवड्यातून तीनदा कुडाळला यायची, म्हणून बाईंनी दोन खाटांच्या मधल्या जागेत तिला स्टूल टाकून दिलं. बाई पडून प्रश्न घालायच्या, मानसी वहीत सोडवायची. उत्तर दाखवायला आली की बाई वही बघायच्याच नाहीत. "तुका काय वाटता? बरोबर की चूक?" ती म्हणायची, "तुमी सांगा." बाई डोळे मिटून घ्यायच्या. सिस्टरला वाटायचं त्या झोपल्या. त्या झोपलेल्या नसायच्या, मुलगी बोलेपर्यंत डोळे उघडायच्या नाहीत एवढंच.

जानेवारीत बाईंचं शरीर खचायला लागलं. मशीनवर असताना रक्तदाब एकदम खाली यायचा, हातापायांत गोळे यायचे. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद करायला सांगितलं. बाईंचा थोरला भाऊ रिक्षा करून न्यायला लागला. दुपारचे तास मात्र बाईंनी सोडले नाहीत. मी त्यांना हात जोडले, रागावले, एकदा तर रडले. त्या म्हणाल्या, "पेपर फेब्रुवारीत आसा. तोपर्यंत." पुढे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं, आणि त्यांनाही होतं.

रसायनशास्त्राचा पेपर नेमका त्यांच्या डायलिसिसच्या दिवशी आला. आमचं कॉलेजच परीक्षा केंद्र होतं. अकराच्या आधी मानसी आली, मला नमस्कार केला, आत गेली. चेहरा पांढराफटक होता. मी गेटपाशी थांबले. विषयाच्या शिक्षकांना पेपरच्या वेळी आवारात येऊ देत नाहीत, आणि तसंही मला बाई आज येतील असं वाटतच नव्हतं. सव्वा वाजता रिक्षा आली. आधी बाबी तारी उतरले, मग त्यांचा हात धरून बाई. दोघांच्या हातांवर कापसाच्या पट्ट्या. त्या मशीनवरून उठून थेट आल्या होत्या.

"बसा," मी म्हटलं आणि गेटसमोरच्या पानवाल्याकडून स्टूल मागून आणलं. बाई बसल्या. फेब्रुवारीचं ऊन आमच्याकडे चांगलंच लागतं. दोन वाजले, घंटा झाली, मुलं बाहेर यायला लागली. बऱ्याच मुलांनंतर मानसी आली. प्रश्नपत्रिका हातात होती. बाईंनी ती घेतली आणि वाचायला लागल्या. एका प्रश्नापाशी बोट थांबलं. शंभर ग्रॅम पाण्यात वीस ग्रॅम पदार्थ विरघळवला, तर द्रावणाचं वस्तुमानानुसार प्रमाण शेकडा किती?

"ह्यां तर सोप्पां दिल्यानी," बाई म्हणाल्या. "वीस टक्के."

"नाय बाई," मानसी म्हणाली.

"काय नाय?"

"शंभर ग्रॅम पाणी आसा. द्रावण नाय. द्रावण एकशे वीस. म्हणान सोळा पूर्णांक सदुसष्ट."

बाईंना गणितात 'नाय' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. आकडे वाकडे आले, पण आले. त्यांनी वर बघितलं. "बरोबर," त्या म्हणाल्या. "मी चुकलंय."

"तुमी दमलास बाई, म्हणान."

"दमलंय. पण तेचो ह्या उत्तराशी संबंध नाय. तू बरोबर आसस, म्हणान मी चुकलंय."

बाबी तारी माझ्याजवळ सरकले. "बाई, पेपर बरो गेलो काय चेडवाचो?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, "गेला. बाईंची चूक काढली तिने." ते माझ्याकडे बघतच राहिले, आणि मग टोपीने डोळे पुसले. मलाही रडू येत होतं, म्हणून स्कूटी आणायच्या निमित्ताने मी तिथून निघाले. बाई रिक्षाने जाणार होत्या, स्कूटीचं काही कामच नव्हतं.

त्यानंतर बाई मला भेटल्या नाहीत. गुरुवारी मी मुंबईला भाचीच्या लग्नाला गेले, आणि रविवारी सकाळी बाईंच्या भावाचा फोन आला. म्हणून मला जेव्हा जेव्हा बाई आठवतात तेव्हा ती मंगळवारची दुपारच समोर येते. मी स्कूटी वळवून गेटपाशी आले, तर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. मानसी रस्त्यावर उकिडवी बसली होती, प्रश्नपत्रिका बाईंच्या मांडीवर होती, आणि दोघी पुढच्या कुठल्यातरी प्रश्नावर भांडत होत्या. मी सावलीत यायला सांगितलं, कोणी ऐकलं नाही. पेन्सिल आता मानसीच्या हातात होती. ती लिहीत होती, मोठ्याने सांगत होती, आणि बाई स्टुलावर वाकून ऐकत होत्या.